विहीर निम्मी, निधी-निक्षेपासह

घरांची खरेदीखतं लिहिणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. कागद घेणारा घेऊन जातो, मुद्रांकाचे पैसे सरकार घेतं, दलाली गुलाबराव घेतो. सह्या करताना माणसं जे बोलून जातात, तेवढं माझ्याकडे राहतं. त्यावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही, म्हणून सांगून टाकतो.

मी अकोल्याच्या कचेरीतला अर्जनवीस. कडुनिंबाखाली माझं डेस्क, समोर चटई, शेजारी गुलाबराव. हा गुलाबराव आधी गुरांच्या बाजारात बैलांचा दलाल होता. पुढे बैलांपेक्षा घरं बरी, चारा मागत नाहीत, म्हणून तो घरांच्या धंद्यात आला. आमची बरीचशी गिऱ्हाइकी एकाच वस्तीतली. तिचं नाव वकील प्लॉट. पूर्वी वकिलांनी गावाबाहेर ऐसपैस घरं बांधली, तीच ही वस्ती. एकोणीसशे पन्नास-साठच्या त्या दिवसांत वकिलांची मुलं नोकऱ्यांपायी मुंबईकडे निघाली होती आणि मागे राहिलेली घरं विकायला येत होती.

आता आमच्याकडे अख्ख्या वस्तीलाच 'प्लॉट' म्हणतात, हे बाहेरच्याला काय ठाऊक? पुण्याहून बदलून आलेले एक बँकेचे साहेब होते. गुलाबरावानं त्यांना निरोप धाडला, "वकील प्लॉटात या, वस्तू दाखवतो." साहेब आले ते हातात लांबच लांब टेप घेऊनच. सोबत बायको, डोक्यावर छत्री. माडीच्या घरासमोर उभे राहून म्हणाले, "हे पाडायचा खर्च कोणाकडे?"

गुलाबराव म्हणाला, "कावून पाडता? चांगलं उभं हाय की!"

"पण आम्हाला तर प्लॉट सांगितला होता."

"मंग तुमी प्लॉटातच उभे हा ना साहेब. अर्धा तास झाला."

साहेबांनी टेप गुंडाळली. ते घर त्यांनी शेवटी घेतलं, पण पुण्याच्या नातेवाइकांना पत्ता कळवताना 'वकील प्लॉट (बांधलेला)' असं ते कितीतरी वर्षं लिहीत होते.

*

गुलाबरावानं बैल सोडले, तरी बैलबाजाराची रीत काही सोडली नाही. भाव तोंडानं बोलायचा नाही. उपरणं टाकायचं, त्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटांनी सांगायचं. घरांच्या बाबतीत एक बोट म्हणजे एक हजार.

अमरावतीहून बदलून आलेले इंग्रजीचे एक प्रोफेसर घर पाहायला आले. घर पसंत पडलं. गुलाबरावानं खांद्यावरचं उपरणं काढलं, प्रोफेसरांच्या हातावर टाकलं आणि आत हात घातला. प्रोफेसरांना वाटलं, वऱ्हाडात अशीच पद्धत असेल. त्यांनी मनापासून हस्तांदोलन केलं.

गुलाबराव धावत माझ्याकडे आला. "भाऊ, मानूस लय दिलदार हाय. मालक चार मागून राह्यला अन् यानं पाचही बोटं धरली. वरून दोनदा हलवली! म्हंजे दहा!"

प्रोफेसरांना हे समजावून सांगायला मला दुपार लागली. घर त्यांना चारातच मिळालं. पण पुढे वस्तीत कोणी भेटलं की ते लांबूनच नमस्कार करत आणि हात लगेच खिशात घालत.

*

खरेदीखतात घराची चतुःसीमा लिहावी लागते. चारी दिशांना काय आहे ते सांगायचं, म्हणजे पुढे भांडण होत नाही. अचलपूरकडचे एक शेतकरी गृहस्थ आपलं इथलं घर विकायला आले. मी विचारत गेलो, ते सांगत गेले. उगवतीला रस्ता, मावळतीला बोळ, उत्तरेला देऊळ. "दक्षिणेला?" "रामभाऊची म्हैस," ते म्हणाले. मीही लिहिण्याच्या नादात तसंच लिहिलं, 'दक्षिणेस रामभाऊ यांची म्हैस.' चूक माझीच. गोठा लिहायला हवा होता.

रजिस्ट्रारसाहेबांनी कागद वाचला. चष्मा वर केला. "म्हैस उठून गेली, तर घर कुठपर्यंत?"

मी काही बोलायच्या आत ते गृहस्थ म्हणाले, "साहेब, ते सकाळी चरायले जाते, तवा घर मोठं असते. संध्याकाळी बारीक होते."

साहेबांनी पुढे नियमच केला. सीमेवर माणसाचं नाव लिहायचं, जनावराचं नाही.

*

खरेदीखताच्या शेवटाकडे एक ओळ येते. ती माझ्या आजोबांच्याही आधीपासून चालत आली असावी. 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह' घर विकलं, असं त्यात म्हटलेलं असतं. हात आपोआप ती लिहितो. वाचताना मी ती आरतीच्या चालीत म्हणून मोकळा होत असे, म्हणजे कोणी मध्ये थांबवत नाही.

एकदा वामनराव नावाच्या घरमालकानं थांबवलं. अंगठ्याला शाई लागलेली होती, अंगठा कागदापासून दोन बोटं वर होता. "हे निधी-निक्षेप काय असते?"

मी खरं सांगितलं. "घरात पुरलेलं धन. सापडलं तर ते घेणाऱ्याचं."

वामनरावानं अंगठा धोतराला पुसला. "आठ दिवस थांबा."

आठ दिवसांत त्यांनी माजघर खणलं, स्वयंपाकघर खणलं, न्हाणीसुद्धा सोडली नाही. निघाला एक फुटका वरवंटा. घेणारा बिचारा पुन्हा घर पाहायला आला तेव्हा सगळीकडे खड्डे. तो घाबरून म्हणाला, "हे काय झालं?"

गुलाबराव डोळ्याची पापणी न लववता म्हणाला, "मालकानं तुमाले पाया दाखवाले खोदून ठेवला. आजकाल कोन दाखवते?"

घेणाऱ्यानं पाया पाहिला, पसंत केला आणि वर मालकाचे आभार मानले. तेव्हापासून निधी-निक्षेपाचा अर्थ मी कोणाला सांगत नाही, आणि कोणी विचारतही नाही. एकानं तेवढा विचारला. ते इंगळे.

*

इंगळे सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. रुळांपलीकडे दोन खोल्यांत भाड्यानं राहत. चार मुलं, बायको शांताबाई. शांताबाई नळावरच्या रांगेला कंटाळल्या होत्या. तिथे यांचा हंडा कधी भरायचा, हे बाकीच्या बाया ठरवत. त्यांचं नवऱ्याकडे एकच मागणं होतं. घर लहान असो की जुनं, त्यात स्वतःची विहीर हवी आणि कुणाला न विचारता पाणी काढता यायला हवं.

आता इंगळे हे आडनाव आमच्या वऱ्हाडात पाच-सहा जातींत सापडतं. आडनावावरून काही कळत नाही, आणि घरमालकाला तर कळल्याशिवाय करमत नाही. मग चौकशी सुरू होते. कोणत्या गावचे इंगळे? सोयरे कुठले? आणि इंगळे पहिल्याच प्रश्नाला सांगून टाकत, "आम्ही छप्पन सालापासून बौद्ध."

त्यावर लगेच घर पुतण्याला कबूल केलेलं असे. नाहीतर मुंबईच्या मुलाचं पत्र यायचं असे. अशी सात घरं झाली.

गुलाबराव एकदा वैतागून म्हणाला, "साहेब, तुमी उत्तर फार लवकर देऊन टाकता. चहा होईपर्यंत तरी थांबत जा."

इंगळे म्हणाले, "चहा पिऊन सांगितलं तर त्यांना कप फोडावा लागतो. उगाच नुकसान कशाला?"

गुलाबराव उपरणं खांद्यावर टाकून आठवं घर शोधायला निघाला.

आठवं घर कमळामायचं. कमळामाय विधवा, एकटी, लेकीकडे चांदूर रेल्वेला राहायला निघालेली. घर चांगलं, आणि मुख्य म्हणजे विहीर. पण ती निम्मी. हिच्या सासऱ्यानं आणि शेजाऱ्यानं मिळून ती बांधली होती, आणि कुंपणाची भिंत बरोबर विहिरीवरून गेलेली. खाली कमान, कमानीत विहीर, निम्मं तोंड या अंगणात आणि निम्मं त्या अंगणात. दोन्हीकडे आपापला रहाट. शेजारी रावसाहेब. त्यांना कमळामायचं घर सरकीची पोती ठेवायला हवं होतं, आणि ते आज ना उद्या आपल्यालाच मिळणार असं धरून ते निवांत होते.

इंगळे गेले. कमळामायनं गाव विचारलं नाही, सोयरे विचारले नाहीत. तिनं विचारलं, "घरात पोट्टे किती?"

"चार."

"दाराले कडी आतून लागंन ना? का बाहेरून कुलूप घालून ठेवसान?"

"आतून लागेल."

"मंग घ्या."

*

खरेदीखत मीच लिहिलं. त्यात लिहून देणाराचं आणि लिहून घेणाराचं नाव, वय, जात, धंदा, गाव असं ओळीनं येतं. इंगळ्यांच्या नावापुढे माझी लेखणी थांबली. इतकी वर्षं त्या रकान्यात मी काय काय लिहिलं होतं, आणि हाताला त्याचीच सवय. मी वर पाहिलं.

"बौद्ध," इंगळे म्हणाले.

मी म्हणालो, "म्हणजे जुन्या कागदांशी जुळायला आधीची जात..."

कमळामाय मध्येच म्हणाली, "घर माह्यं हाय. मी इचारलं नाई, तर तुमी कावून इचारता?"

मला लाज वाटली. खरोखर वाटली. मी 'बौद्ध' लिहिलं, आणि ते लिहितानाही चुकलो, अर्धा द गाळला. इंगळ्यांनी वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "अर्धा द राहिला, तो घाला. नवीन शब्द आहे, सवय व्हायची."

मग मी नेहमीच्या चालीत शेवटची ओळ म्हटली. इंगळ्यांनी मला तिथेच थांबवलं. जलपासून निक्षेपापर्यंत प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला आणि डायरीत उतरवून घेतला. 'जल' या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. "आणि हे स्पष्ट लिहा," ते म्हणाले, "सामाईक विहिरीच्या निम्म्या हिश्शासह."

मी लिहिलं. रजिस्ट्रारसाहेबांनी शिक्का मारला. शांताबाई झाडाखाली बसल्या होत्या. कागद झाला असं सांगितल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पाणी लिवलं ना?"

*

महिन्याभरात रावसाहेब माझ्या चटईवर येऊन बसले. त्यांना इंगळ्यांना नोटीस द्यायची होती. नोटीस लिहिणं हा माझा धंदा. नाही म्हणता आलं असतं, पण म्हटलं नाही, हे आधीच कबूल करतो. मजकूर त्यांनीच सांगितला. 'विहीर सामाईक असून तीपैकी निम्मी आमची आहे. तरी आमच्या निम्म्या हिश्शाच्या पाण्यास आपण अथवा आपल्या कुटुंबाने हात लावू नये.'

"पाण्याचा हिस्सा कसा पाडणार, रावसाहेब?" मी विचारलं.

"तुमी लिहा. ते त्याले समजते."

तिसऱ्या दिवशी त्याच चटईवर इंगळे. हातात ती नोटीस. अक्षर माझं आहे हे त्यांनी ओळखलं होतं. "उत्तर लिहायचं आहे. अक्षर हेच असू द्या, त्यांना वाचायला सोपं जाईल."

उत्तर त्यांनी असं सांगितलं. 'आपले म्हणणे मान्य आहे. तरी आपल्या निम्म्या हिश्शाचे पाणी ओळखून आठ दिवसांच्या आत काढून न्यावे. राहिलेले पाणी आमचे समजून आम्ही वापरू.'

गुलाबरावानं हे उत्तर पाठ केलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वकील प्लॉटात पोचवलं.

रावसाहेबांनी पाणी काही नेलं नाही. त्यांनी आपल्या बाजूनं कमानीला पत्रे ठोकले, रहाट काढून टाकला आणि सरकारी नळ घेतला. "आमी त्या विहिरीकडं पाहत नाही," असं ते ज्याला त्याला सांगू लागले. शांताबाई आपल्या बाजूनं पाणी काढत राहिल्या. घर घेतल्यावर त्या पहिल्यांदा कधी हसल्या असतील तर त्या विहिरीच्या काठावर, असं इंगळेच मला म्हणाले.

*

मग उन्हाळा आला. अकोल्याचा उन्हाळा कोणाच्या नळाला भीत नाही. वस्तीतले नळ सुकले. इंगळ्यांच्या विहिरीला मात्र पाणी होतं.

एके दिवशी सकाळी शांताबाईंना पत्रा कुरकुरल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशीही आला. भिंतीपलीकडे कोणीतरी पत्रा बाजूला सरकवून दोरानं पाणी काढत होतं. हात सवयीचा नव्हता, दोर दगडाला घासत होता. शांताबाई आपल्या बाजूनं पाणी भरत राहिल्या. पण तिसऱ्या दिवशी दोर तुटला, धप्पकन आवाज झाला आणि पाठोपाठ रावसाहेबांचा आवाज आला, "आता झाली पंचाईत!"

गडीमाणसं गावभर सांगतील, म्हणून रावसाहेब स्वतःच पाणी काढत होते.

शांताबाईंनी आपल्या बाजूनं गळ टाकला. दोन खेपांत कळशी वर आली. तांब्याची, जड, गळ्यावर नाव कोरलेलं, 'सौ. अन्नपूर्णा, माहेरची भेट.' अन्नपूर्णाबाई म्हणजे रावसाहेबांची बायको.

रविवार होता. इंगळ्यांनी मला खरेदीखताची नक्कल घेऊन बोलावलं, गुलाबराव न बोलावता आला. आम्ही ओट्यावर बसलो. मध्ये ती कळशी.

इंगळ्यांनी डायरी उघडली. "निधी-निक्षेप. घरात सापडलेलं धन घेणाऱ्याचं. बरोबर?"

"कागदाप्रमाणे तुमची," मी म्हणालो. "नावाप्रमाणे त्यांची."

"मला नको आहे. पण परत कशी करायची, तेवढं सांगा. मी नेऊन दिली तर ते घेतील का?"

मी चिठ्ठी लिहिली. 'सामाईक विहिरीत एक कळशी सापडली आहे. ती आपली असल्यास घेऊन जावी.' गुलाबराव ती घेऊन शेजारी गेला. रावसाहेब व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत होते. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि आम्हालाही ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "आमची नाही. आमी त्या विहिरीकडं पाहत नाही."

गुलाबराव परत येऊन बसला. "मी बैल इकले, घरं इकली," तो म्हणाला, "पन आपल्या बायकोच्या माहेराले नाही म्हननारा आज पाह्यला."

शांताबाईंनी तोवर चिंच लावून कळशी घासली होती. ती लखलखत होती. त्या दारातच थांबल्या. "त्याईनं नेली तरी पंचाईतच हाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाई. मायनं तसंच शिकवलं. आता याच्यात घालू काय? दाणे घातले तर फेकतीन. अन् पाणी..." त्यांनी कळशी परत ओट्यावर ठेवली. इंगळे डायरीची पानं उलटू लागले.

तेवढ्यात फाटक वाजलं.

अन्नपूर्णाबाई आल्या होत्या. मागच्या बोळानं नाही, समोरच्या रस्त्यानं. डोक्यावर पदर, पायात वहाणा, जसं कोणाकडे हळदीकुंकवाला जावं तशा. प्लॉटातल्या आठ-दहा ओट्यांवरची माणसं उठून पाहायला लागली. त्या सरळ ओट्यापाशी आल्या, कळशीवरच्या नावावरून एकदा बोट फिरवलं आणि शांताबाईंना म्हणाल्या, "माही हाय."

"घेऊन जा ना बाई," शांताबाई म्हणाल्या.

"रिकामी नेत नाई मी. भरून द्या."

शांताबाई विहिरीवर गेल्या. रहाटाचा आवाज आला. त्यांनी कळशी काठोकाठ भरून आणली, पदरानं बाहेरून पुसली आणि त्यांच्या हातात दिली. अन्नपूर्णाबाईंनी ती कमरेवर घेतली आणि आल्या तशाच समोरच्या रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत, आपल्या फाटकातून आत गेल्या. आम्ही ओट्यावरून पाहत होतो. रावसाहेब आरामखुर्चीतून अर्धे उठले होते, नीट उभं राहावं की बसावं हे त्यांचं ठरत नव्हतं.

अन्नपूर्णाबाईंनी पितळी पेला आणला, कळशीतलं पाणी त्यात ओतलं आणि नवऱ्यासमोर धरला.

"याच्यात निम्मं आपलं हाय," त्या म्हणाल्या. "ओयखून प्या."